थांबण्याचे शास्त्र : जुनी गाडी आणि भंगारातले ब्रेक

(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मोटारगाडीच्या ब्रेकविषयी बोलले जावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दिल्लीत राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. येथील कितीतरी घरांसमोर वडिलांची किंवा आजोबांची एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असते. ती मोडीत काढायला मन धजत नाही आणि ती रस्त्यावर आणायची तर तिचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडतील की नाही, ही शंका छळत राहते. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, ‘मायापुरीत चांगले डिस्क ब्रेक निघतात; नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त. बसवून घ्या.’ सल्ला देणारा शत्रू नसतो. पण भंगारातून आलेल्या लोखंडावर घरच्या चार माणसांचा जीव सोपवावा काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्या होकाराला काही अटी आहेत. त्या अटी समजण्यासाठी लागणारे विज्ञान शाळेच्याच पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून हा विषय शाळेच्या आवारातलाच आहे.

प्रथम दिल्लीची परिस्थिती लक्षात घेऊ. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली आणि २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांविषयी आदेश दिला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंधने उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयत्न सुरू झाला, तो काही दिवसांतच थांबवावा लागला आणि प्रकरण पुन्हा न्यायालयासमोर गेले. या सर्व घडामोडींचा परिणाम असा, की राजधानीतील जुन्या गाड्यांपैकी काही ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत जातात आणि काही भंगारात जातात. नोएडात नोव्हेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकी आणि टोयोटा त्सुशो यांचे वाहने शास्त्रशुद्धपणे सुटी करण्याचे केंद्र सुरू झाले. पण अनेक वर्षांपासून या व्यवसायाचे नाव पश्चिम दिल्लीतील मायापुरीशी जोडलेले आहे. १९७० च्या दशकात मोतिया खान भागातील भंगार व्यापार तेथे हलला आणि तेथे एक स्वतंत्र दुनियाच उभी राहिली. इंजिने, दरवाजे, गिअरबॉक्स, कॅलिपर यांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगामागे बसलेला, हाताच्या स्पर्शाने भाग ओळखणारा जाणकार.

या जाणकारांना कमी लेखण्याचे कारण नाही. पुन्हा वापरलेला प्रत्येक किलो लोखंड म्हणजे वाचलेले खनिज आणि वाचलेला कोळसा. आपल्या आई-आजींनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्याच संस्कारातली ही गोष्ट आहे. तथापि गोधडी उसवली तर थंडी वाजते; ब्रेक उसवला तर माणूस जातो. येथे काटकसरीला ज्ञानाची जोड नसेल, तर ती काटकसर राहत नाही.

भंगाराचा खरा धोका कोणता, हे मायापुरीनेच एकदा देशाला दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे न वापरलेले एक गॅमा किरणांचे उपकरण पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीत ते तोडले गेले तेव्हा आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. अनेक जण किरणोत्साराने आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. तोडणाऱ्यांचा अपराध काय होता? त्यांच्या हाती आलेल्या वस्तूचा पूर्वेतिहास त्यांना कोणी सांगितला नव्हता. वस्तू भंगारात जाते तेव्हा तिची किंमत घटते, हे सर्वांना ठाऊक असते. तिच्याबरोबर तिची ओळखही पुसली जाते, हे मात्र ध्यानात येत नाही. कॅलिपरचेही तसेच आहे. तो पावसात किती वर्षे पडून होता, त्याची गाडी कोठे आदळली होती, ती पुराच्या पाण्यात बुडाली होती काय, यांपैकी काहीही त्यावर लिहिलेले नसते. म्हणून एकच नियम: ज्या भागाला इतिहास नाही, त्याचा इतिहास मोजमापाने पुन्हा लिहिल्यावाचून तो गाडीला लावू नये.

आता ब्रेक करतो तरी काय, ते पाहू. धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. ती वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक हजार किलोची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ६२ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग ८० झाला की ती सुमारे २४७ किलोज्यूल होते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, आणि म्हणून ब्रेक लागल्यावर गाडी थांबेपर्यंतचे अंतरही जवळजवळ चौपट. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते. ताशी ६० किलोमीटर वेगावरून ही गाडी एकदा थांबवली तर जी उष्णता निर्माण होते, ती अर्धा लिटर पाणी साध्या तापमानापासून जवळजवळ ९० अंशांपर्यंत तापवू शकेल. ब्रेकचे काम म्हणजे चाक पकडणे, एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात ब्रेक ही उष्णता निर्माण करून ती हवेत सोडणारी भट्टी आहे.

जुन्या गाड्यांत ही भट्टी बंद डब्यात असे. त्यालाच ड्रम ब्रेक म्हणतात. आत दोन अर्धगोलाकार शू असतात; ते बाहेरच्या बाजूस पसरून फिरत्या ड्रमला घासतात. ड्रमच्या फिरण्यानेच पुढचा शू आणखी आत खेचला जातो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. हा त्याचा गुण. पण ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो; लायनिंगची पकडही उष्णतेने मंदावते. मसुरीहून देहरादूनकडे उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या चालकाला पॅडल हळूहळू निर्जीव झाल्याचा अनुभव येतो, तो यामुळेच. डिस्क ब्रेकमध्ये मात्र उघडी चकती दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये पकडली जाते. चकती वाऱ्यावर असल्याने लवकर थंड होते आणि तापून जाड झाली तरी पॅडच्याच दिशेने वाढते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. १९५३ मध्ये जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि जगाला त्यांचे महत्त्व पटले.

आपल्याकडे हे परिवर्तन सावकाश आले. उत्तरपाडा येथे बनणारी ॲम्बॅसडर दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांची आणि टॅक्सीतळांची ओळख होती. अनेक वर्षे तिच्या चारही चाकांना ड्रमच होते. पुढच्या चाकांना डिस्क नंतरच्या काही गाड्यांत आले. २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. म्हणून ज्याच्याकडे जुनी ॲम्बॅसडर आहे, त्याचे लक्ष साहजिकच भंगारातल्या नंतरच्या ॲम्बॅसडरकडे जाते. ही दिशा योग्य आहे. भाग घ्यायचाच असेल तर तो शक्यतो त्याच घराण्यातील नंतरच्या गाडीचा घ्यावा. निर्मात्याने त्या वजनासाठी, त्या चाकासाठी आणि त्या सांध्यासाठी तो आखलेला असतो. आखणी जुळते की नाही हे तरीही तपासावेच लागते. पण वेगळ्या घराण्याचा भाग आणला की प्रश्न पटीने वाढतात. उदाहरणार्थ, मारुती ८०० ची चाके १२ इंची आणि एस्टीमची १३ इंची. एस्टीमचे मोठे पुढचे ब्रेक ८०० ला लावू पाहणाऱ्याला आधी चाके बदलण्याचा विचार करावा लागतो. मग टायर बदलतात, मग वेगमापकाचा आकडाही बदलतो. एक भाग बदलला, असे म्हणणाऱ्याने खरे तर चार भाग बदललेले असतात.

येथे पास्कलचा नियम उपयोगी पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. ब्रेकच्या पॅडलमागे मास्टर सिलिंडर असतो. त्याचा दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो आणि तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. ड्रममधल्या लहानशा व्हील सिलिंडरच्या जागी डिस्कचा मोठा कॅलिपर आला की तो अधिक तेल मागतो. मूळचा लहान मास्टर सिलिंडर तेवढे तेल देऊ शकला नाही तर पॅडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून मोठा मास्टर सिलिंडर लावावा, तर दुसरी अडचण उभी राहते. १९ मिलिमीटर व्यासाऐवजी २२ मिलिमीटर व्यास केला तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे एक-तृतीयांशाने वाढते आणि तितकाच दाब निर्माण करण्यासाठी पायालाही एक-तृतीयांश अधिक जोर द्यावा लागतो. शिवाय ड्रमची स्वतःहून आवळत जाण्याची मदत डिस्कमध्ये नसते. यासाठीच डिस्कबरोबर बहुधा बूस्टर लागतो. इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारा तो गोल डबा पायाच्या जोराला जोड देतो. म्हणजे कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर ही एकाच साखळीची कडी आहेत. त्यांपैकी एकच कडी स्वस्तात मिळाली, म्हणून साखळी स्वस्तात मिळत नाही.

ही साखळी पुढच्या चाकांवर संपत नाही. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांना अधिक आणि मागच्यांना कमी ब्रेक हवा असतो. मागची चाके आधी जखडली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची फार लवकर जखडली तर स्टिअरिंग ऐकत नाही. कारखान्यात हे प्रमाण गणिताने आणि चाचण्यांनी ठरवलेले असते. पुढे मोठे ब्रेक बसवणारा हे प्रमाण बदलत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. आणखी एक बारीक गोष्ट. अनेक जुन्या ड्रम व्यवस्थांत नळ्यांमध्ये थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. डिस्कला ती चालत नाही. ती तशीच राहिली तर पॅड चकतीला चिकटून राहतात, चाक तापते आणि पेट्रोलही वाया जाते. ज्या मिस्त्रीला या झडपेविषयी विचारल्यावर ती माहीत असते, त्याच्यावर निम्मा विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग भंगारातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये? सूत्र सोपे आहे: लोखंड जुने चालेल, रबर नवेच हवे. कॅलिपरचा सांगाडा, त्याला धरणारा ब्रॅकेट आणि चाकाचा सांधा म्हणजे नकल हे भाग तपासणीनंतर घेता येतात. बूस्टरही तपासून घेता येतो. पण कॅलिपरच्या आतील सील, धुळीपासून राखणारी रबरी टोपणे, चाकाकडे जाणाऱ्या लवचीक नळ्या, सांध्यांवरचे तांब्याचे वॉशर, पॅड आणि तेल हे सारे नवेच घ्यावे. जुना पॅड कितीही जाड दिसला तरी त्यावर कोणते तेल सांडले, तो किती तापला, हे कळत नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते. त्यामुळे ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजमध्ये काम शिकणारा पोरगा हीच धूळ दिवसभर छातीत घेत असतो, हे गाडीच्या मालकाने विसरू नये.

घेतलेल्या भागांची तपासणी डोळ्यांनी नव्हे, हत्यारांनी करावी. चकतीवर बहुधा तिची किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने जाडी मोजावी आणि ती त्याहून कमी असेल तर मोह न धरता चकती परत करावी. चकती वाकडी आहे काय, हे डायल गेज सांगतो. दट्ट्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवा सीलही ते तेल फार दिवस रोखू शकणार नाही. नकलवर केसाएवढ्या भेगा असल्या तर त्या रंगद्रव्य भेदून दाखवणारी चाचणी लेदवाल्यांच्या बाजारात करून मिळते. भाग नेहमी जोडीने, एकाच गाडीचे घ्यावेत. डावा एकीचा आणि उजवा दुसरीचा असे करू नये. दुकानदाराकडून पावती मागावी. पावती देण्यास नकार देणाऱ्याकडचा भाग कोणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचा असेल, हे सांगता येत नाही.

बसवताना होणारी एक चूक मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण ती हुशार माणसांकडून होते. कॅलिपरवर हवा काढण्याची एक छोटी निपल असते आणि ती वरच्या बाजूला असावी लागते. डावा कॅलिपर उजवीकडे लावला तरी तो पुष्कळदा नीट बसतो. फक्त निपल खाली जाते. हवा तर नेहमी वर साचते. मग कितीही वेळा पॅडल मारले तरी ती निघत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून पॅडल स्पंजासारखे राहते. मालक तेल बदलतो, मास्टर सिलिंडर बदलतो, मिस्त्री बदलतो. चूक असते ती एवढीच, की डावे उजवीकडे लागले.

तेलाविषयीही दक्षता हवी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफ होते आणि घाटात पॅडल तळाला जाते. म्हणून उघडी राहिलेली बाटली पुन्हा वापरू नये आणि गाडी चालो वा उभी राहो, ठरावीक काळाने तेल बदलावे. काम पूर्ण झाल्यावर बूस्टर तपासण्याची रीत घरीही करता येते. इंजिन बंद असताना पॅडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे. त्यानंतर मोकळ्या मैदानात, कमी वेगाने, एकट्याने चाचणी घ्यावी. कुटुंबाला घेऊन पहिली फेरी कधीही काढू नये.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व ठामपणे मांडले. म्हणून बदलापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर उघड झालेला बदल सर्वांनाच महाग पडतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. तेथे तर गाडी मूळ स्वरूपात राखलेली असणे हीच अट आहे. १९६४ पासून दिल्लीत ‘द स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची फेरी होत आली आहे. तिच्यात मूळ ड्रम ब्रेकच्या गाड्या आजही धावतात, कारण त्यांचे मालक त्या ब्रेकची मर्यादा ओळखून त्या चालवतात.

यातूनच शेवटचा आणि कदाचित सर्वांत उपयोगी मुद्दा निघतो. पुष्कळदा जुन्या गाडीचे ब्रेक वाईट नसतात. ते दुर्लक्षित असतात. ड्रम लेदवर सारखे करून, नवे शू, नवे व्हील सिलिंडर, नव्या नळ्या, नवे तेल आणि चांगले टायर घातले तर गाडी तिच्या निर्मात्याने योजल्याप्रमाणे थांबू लागते. शेवटी गाडी थांबते ती रस्त्याला टेकलेल्या टायरच्या चार तळव्यांवर. टायर गुळगुळीत असतील तर शर्यतीचे ब्रेकही तिला वाचवणार नाहीत. म्हणून आधी जे आहे ते दुरुस्त करावे, मग मोजावे आणि तरीही गरज उरली तरच भंगाराच्या बाजारात जावे. सुधारणा या शब्दात ‘बदल’ असतोच असे नाही; कित्येकदा त्यात केवळ निगा असते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज अभियंते आहेत, कोणी गॅरेज चालवतात, कोणी केवळ गाडीचे मालक आहेत. गाडीखाली झोपून काम करणाऱ्या मिस्त्रीला पास्कलचे नाव ठाऊक नसेल, पण त्याच्या बोटांना पास्कल कळतो. गाडीत बसणाऱ्याला नाव ठाऊक असते, पण तो काय विचारावे हे विसरलेला असतो. या दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारले तर अपघात टळतील. मालकाने ‘किती लागतील?’ याच्या आधी ‘काय मोजले?’ असे विचारावे, आणि मिस्त्रीने त्याचा राग न मानता मायक्रोमीटर दाखवावा.

साठ वर्षांच्या शाळेतही काही बाके, काही कपाटे आणि काही पद्धती जुन्याच आहेत. त्यांतल्या ज्या तपासून ठेवल्या, त्या आजही भार पेलतात. विद्यार्थ्यांनी येथून जाताना एवढे सोबत न्यावे: जुने म्हणून टाकू नका, स्वस्त म्हणून लावू नका, हातात घ्या, मोजा आणि मगच विश्वास ठेवा. सर्वांचे प्रवास सुखरूप होवोत.